‘क्षमता’ या शब्दाचे तीन अर्थ : टल्सा येथील एका वातानुकूलन-यंत्रोद्योगाच्या वाढीच्या संदर्भात

उद्योगधंद्यांच्या वाढीविषयी मराठीत जे लेखन होते त्यात ‘क्षमता’ हा शब्द पदोपदी भेटतो. अमुक यंत्राची क्षमता दहा टन आहे, अमुक कारखान्याची क्षमता दुप्पट करण्यात आली, अमुक कंपनीची नव्या बाजारपेठेत उतरण्याची क्षमता आहे, अशी तीन विधाने एकाच परिच्छेदात सुखाने नांदताना दिसतात. वाचकाचे त्यावाचून अडत नाही, कारण संदर्भाने अर्थ लागतो. परंतु संदर्भाने लागणारा अर्थ आणि शब्दाने दिलेला अर्थ यांत अंतर पडले, की केव्हातरी त्या अंतराची किंमत मोजावी लागते. आणि उद्योगाच्या बाबतीत ती पैशात, मुदतीत व माणसांच्या रोजगारात मोजली जाते. इमारत उभी राहिली म्हणजे क्षमता वाढली असे समजणारा व्यवस्थापक आणि तसेच समजून भाषांतर करणारा लेखक हे दोघे एकाच चुकीचे धनी होत. प्रस्तुत लेखात या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करून दाखविण्याचा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा या शहरी असलेल्या ‘एऑन’ या कंपनीचे उदाहरण घेतले आहे. ही कंपनी व्यापारी इमारतींसाठी, म्हणजे शाळा, दुकाने, रुग्णालये, कार्यालये यांच्यासाठी, उष्णतेची व गारव्याची यंत्रे बनविते.

प्रथम यंत्राच्या क्षमतेचा विचार करू. आपल्याकडे ‘दीड टनाचा एसी’ हा शब्दप्रयोग घरोघरी रूढ झाला आहे. दुकानात गेलेला गृहस्थ खोलीची लांबी-रुंदी सांगतो, दुकानदार ‘दीड टन पुरेल’ म्हणतो, आणि उभयतांपैकी कोणालाही त्या यंत्राचे वजन दीड टन नाही हे सांगावे लागत नाही. हा टन वजनाचा नव्हे. तथापि तो वजनातूनच आला आहे. कृत्रिम शीतकरण येण्यापूर्वी गारवा म्हणजे बर्फ, आणि बर्फ वजनावर विकला जाई. न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात भुशाच्या थरांत घालून फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये कलकत्त्यास पाठविला, आणि पुढे मुंबईसही हा बोस्टनचा बर्फ येऊ लागला. यंत्रे आली तेव्हा त्यांच्या गारव्याचे माप जुन्या मालाच्या भाषेत सांगणे भाग पडले. दोन हजार पौंडांचा एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच काळात काढून नेणारे यंत्र ते एक टनाचे. एक पौंड बर्फाला वितळण्यासाठी १४४ ब्रिटिश उष्णता-एकके लागतात; म्हणून दोन हजार पौंडांना २ लाख ८८ हजार, आणि तासाला १२ हजार. आजच्या मापात हे सुमारे ३.५ किलोवॅट होते. बर्फाचा व्यापार संपला, माप उरले. अशा रीतीने मागे राहिलेल्या शब्दांची उदाहरणे भाषेत विपुल आहेत; मात्र ज्याचा मूळ पदार्थ लोकव्यवहारातून इतका समूळ नाहीसा झाला आणि तरीही जो रोजच्या खरेदीत टिकून राहिला, असा शब्द विरळा.

या पहिल्या अर्थी क्षमता ही मोजता येण्याजोगी, यंत्राच्या अंगावरील पट्टीवर छापलेली आणि प्रयोगशाळेत पडताळता येणारी वस्तू आहे. जाता जाता ‘वातानुकूलन’ या शब्दाविषयी एक गोष्ट नोंदविणे योग्य होईल. वायू अनुकूल करणे हा त्याचा शब्दशः अर्थ. त्यात गारव्याचा उल्लेखच नाही. आपल्या उष्ण हवामानामुळे व्यवहारात तो थंड करण्यापुरता आकसला. पण एऑनच्या छतावर बसविण्याच्या यंत्रात एकाच पेटीत गार करण्याची सामग्री, गॅसची भट्टी किंवा विजेचे तापक किंवा उष्णता-पंप, बाहेरची हवा घेण्याची झडप आणि आर्द्रता काढण्याची योजना एवढे सारे असते, आणि त्या यंत्राला ‘वातानुकूलन यंत्र’ हे नाव मुळार्थाने शोभते. संस्कृतजन्य परिभाषेवर अवजडपणाचा आरोप नेहमी होतो; येथे तिने व्यवहारापेक्षा अधिक नेमकेपणा दाखविला आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा अर्थ कारखान्याच्या क्षमतेचा. भारतात या अर्थाला एक विशिष्ट इतिहास आहे. उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम १९५१ मध्ये झाला, आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे अनुसूचित उद्योगातील कारखान्याने किती माल काढावा याचा आकडा परवान्यात लिहिलेला असे. ‘स्थापित क्षमता’ ही संज्ञा प्रशासनाच्या मराठीत रुळली ती याच काळात. तीत भरीव वाढ करावयाची तर नवी परवानगी घ्यावी लागे. म्हणजे क्षमता ही कारखान्याने सिद्ध करण्याची गोष्ट न राहता सरकारने बहाल करण्याची गोष्ट झाली. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांतील परवाना-पद्धती रद्द केली. पण संज्ञेबरोबर आलेली समजूत तेवढ्या सहजासहजी गेली नाही. क्षमता म्हणजे वर्षाला इतके नग, असा एकच आकडा असतो आणि तो भांडवल घालून वाढविता येतो, ही ती समजूत होय. सिमेंट, साखर किंवा एकाच जातीचे घरगुती पंखे यांच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी खरी आहे. ज्या कारखान्यातून निघणारा प्रत्येक नग वेगळा असतो तेथे मात्र ती लागू पडत नाही. एऑनचे उदाहरण उपयोगी आहे ते येथेच.

नॉर्मन अस्ब्यॉर्नसन या अभियंत्याने १९८८ मध्ये टल्सा येथील जॉन झिंक कंपनीचा वातानुकूलन विभाग विकत घेऊन एऑनची स्थापना केली. त्या वेळी बाजारात दोन प्रकारचे उत्पादक होते. मोठ्या कंपन्या ठरीव आकाराची यंत्रे मोठ्या संख्येने काढीत आणि ती स्वस्त पडत. पण इमारतीची गरज यंत्राला जुळली नाही तर इमारतीनेच जुळवून घ्यावे लागे. दुसरीकडे लहान कारखाने गिऱ्हाइकाच्या मापाने यंत्र बनवून देत. ते पायात बरोबर बसे, परंतु त्याची किंमत आणि मुदत दोन्ही भारी असत. शिंप्याचा सदरा आणि तयार सदरा यांतील हा जुना भेद आहे. एऑनने मधली वाट धरली: संगणकाने चालणाऱ्या पत्राकामाच्या यंत्रांच्या साहाय्याने मापाचे यंत्र ठरीव यंत्राच्या किमतीच्या आसपास आणावयाचे. वाढीचे धोरण म्हणून ही कल्पना एका वाक्यात सांगता येते. ती अमलात कशी आली हे पाहणे अधिक उद्बोधक आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला तर ते ओळखीचेच वाटेल.

या कारखान्यात मागणी येते ती चित्राच्या रूपाने किंवा वर्णनाच्या रूपाने नव्हे, तर एका लांबलचक संकेताच्या रूपाने येते. या संकेताला ठरलेली स्थाने आहेत. पहिल्या काही स्थानांनी यंत्राची मालिका व आकार सांगितला जातो. पुढे विद्युत्‌दाब, शीतकरणाची रीत, तापविण्याची रीत, हवा आत येण्याची दिशा, पंख्याची जात, गाळणी, नियंत्रक, रंग, अशी वीसहून अधिक वैशिष्ट्यांची स्थाने येतात. प्रत्येक स्थानी एक अक्षर किंवा अंक भरावयाचा. कोणत्या स्थानी कोणती चिन्हे येऊ शकतात याची यादी आहे, आणि कोणत्या चिन्हाबरोबर कोणते चिन्ह येऊ शकत नाही याचे नियम आहेत. वाक्यातील स्थाने आणि त्या स्थानी परस्परांची जागा घेऊ शकणारी पदे, या भाषावैज्ञानिक मांडणीशी या रचनेचे साम्य केवळ अलंकारिक नाही. दोन्हीकडे मर्यादित घटकांतून आणि मर्यादित नियमांतून व्यवहारतः अमर्याद अशी सुघटित रूपे निर्माण होतात. वीस स्थाने आणि प्रत्येक स्थानी केवळ तीन पर्याय एवढेच धरले तरी ३४८ कोटी ६७ लाखांहून अधिक यंत्रे संभवतात. नियमांनी त्यांतली पुष्कळशी बाद झाली तरीही उरलेल्यांची संख्या कोणत्याही कारखान्याच्या आयुष्यात बनू शकणाऱ्या नगांपेक्षा किती तरी अधिक राहील. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची सारी रूपे बांधली, तेव्हा प्रत्येक रूपाची नोंद ठेवण्याचे काम त्याने टाळले; येथेही प्रत्येक यंत्राचा वेगळा आराखडा ठेवण्याचे काम टाळलेले आहे. संकेत वाचून पत्रा कोठे कापावयाचा, कोठे भोक पाडावयाचे आणि कोठे वाकवावयाचे, हे ठरते.

आता प्रश्न असा की, अशा कारखान्याची क्षमता किती? वर्षाला इतके नग, हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण दोन टनांचे यंत्र हाही एक नग आणि दोनशे टनांचे यंत्र हाही एक नग. वर्षाला इतके टन, हे उत्तर थोडे बरे. पण तेही पुरे पडत नाही. एकाच टनेजच्या दोन यंत्रांपैकी एकाला दुपटीहून अधिक श्रम लागू शकतात. इतके चौरस फूट, हे उत्तर वार्षिक अहवालांत नेहमी आढळते आणि ते सर्वांत फसवे असते. उत्पादनाचा प्रवाह पाहिला म्हणजे याचे कारण ध्यानात येते. पत्राकाम, कॉइल बनविणे, जोडणी व ब्रेझिंग, तारांचे काम, शीतक भरणे आणि शेवटची चालवून पाहण्याची चाचणी, अशा या पायऱ्या. यांपैकी जी पायरी सर्वांत अरुंद तिच्यातून जेवढे जाईल तेवढेच बाहेर पडेल. मापाच्या यंत्रांच्या कारखान्यात गंमत अशी की, ही अरुंद जागा कायमची एके ठिकाणी नसते. या आठवड्यातल्या मागण्यांत मोठ्या कॉइलची यंत्रे अधिक असली तर कॉइल-विभाग अडतो; पुढल्या आठवड्यात नियंत्रकांची गुंतागुंत अधिक असली तर तारांचे काम अडते. म्हणून एका विभागात यंत्रसामग्री घातली म्हणजे क्षमता वाढली असे सरसकट म्हणता येत नाही.

कॉइलचा उल्लेख येथे सविस्तर केला पाहिजे. तांब्याची नळी आणि तिच्यावर बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, ही या यंत्रांची फुप्फुसे होत. नळ्या केसांच्या आकड्याप्रमाणे वाकवून पट्ट्यांच्या गठ्ठ्यातून ओवतात, मग आतून फुगवून त्या पट्ट्यांशी घट्ट बसवितात आणि टोके ब्रेझिंग करून जोडतात. कॉइल बाहेरून घेतली तर तिच्या मापाचे स्वातंत्र्य पुरवठादाराच्या हाती जाते, आणि मग मापाचे यंत्र देण्याची प्रतिज्ञाच पोकळ ठरते. एऑनने १९९१ मध्ये टेक्सस राज्यातील लाँगव्ह्यू येथील कॉइलचा कारखाना विकत घेतला तो यासाठी. पुढे २०१८ मध्ये मिझुरीतील वॅटमास्टर या नियंत्रक बनविणाऱ्या कंपनीचा व्यवसाय घेतला, त्यामागेही हीच विचारसरणी दिसते. ज्या घटकाच्या वैविध्यावर यंत्राचे वैविध्य अवलंबून, तो घटक घरात बनवावयाचा. याला अर्थशास्त्रात ऊर्ध्व एकीकरण म्हणतात. बहुतेक पाठ्यपुस्तके त्याचे समर्थन खर्चाच्या बचतीने करतात. येथे ते संकेताच्या अखंडतेने करावे लागते. व्याकरणातील नियम जेथवर चालतात तेथवरच आपली सत्ता, असा हा न्याय आहे.

चाचणीच्या बाबतीतही तेच. २०१९ मध्ये टल्सा येथे सुरू झालेल्या संशोधनगृहात, ज्याला संस्थापकाचेच नाव दिलेले आहे, तीनशे टनांपर्यंतची पेटीबंद यंत्रे बसवून त्यांच्यावर पाऊस, बर्फ आणि वारा सोडता येतो. इतकी मोठी यंत्रे संपूर्ण अवस्थेत तपासण्याची सोय विरळ आहे. गिऱ्हाइकाने मागितलेले रूप पूर्वी कधीच बनले नसेल, तर ते सुघटित आहे एवढे पुरत नाही. ते बोललेही गेले पाहिजे आणि समजलेही पाहिजे.

क्षमतेची ही कोंडी आकड्यांतून कशी दिसते ते पाहण्यासाठी हाती असलेल्या, पण अद्याप पुरवावयाच्या मागणीचा आकडा घ्यावा लागतो. त्याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. ‘अनुशेष’ हा शब्द तयार आहे आणि काही भाषांतरकार तो वापरतातही. परंतु दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाविषयीचा अहवाल दिल्यापासून महाराष्ट्रात ‘अनुशेष’ म्हणजे रस्त्यांचा, सिंचनाचा, विजेचा, जो विकास एखाद्या भागाला मिळावयास हवा होता आणि मिळाला नाही तो. त्या शब्दात तक्रार आहे, अन्यायाची जाणीव आहे. उलट, कारखानदार आपला हा आकडा भागधारकांपुढे अभिमानाने मांडतो. कारण ती त्याची उद्याची विक्री असते. म्हणून येथे ‘शिल्लक मागणी’ असा साधा शब्द वापरला आहे. मात्र ‘अनुशेष’ हा शब्द अगदीच चुकीचा नाही, असे पुढील आकडे पाहिल्यावर कोणास वाटले तर नवल नाही.

२०२० अखेर एऑनची शिल्लक मागणी सुमारे ७ कोटी ४४ लाख डॉलर होती, आणि त्या वर्षीची विक्री ५१ कोटी ४६ लाख डॉलर. त्या वेगाने ही मागणी पुरी करण्यास पावणेदोन महिने लागले असते. २०२१ अखेर शिल्लक मागणी २६ कोटींवर गेली आणि विक्री ५३ कोटी ४५ लाखांवरच राहिली. मुदत जवळजवळ सहा महिन्यांची झाली. २०२२ मध्ये विक्रीने ८८ कोटी ८८ लाखांची उडी घेतली, तरी वर्षाअखेर शिल्लक मागणी ५४ कोटी ८० लाख, म्हणजे सात महिन्यांहून अधिक. २०२३ मध्ये विक्री ११६ कोटी ८५ लाखांवर आणि शिल्लक मागणी ५१ कोटींवर आल्यामुळे ही मुदत सव्वापाच महिन्यांपर्यंत उतरली. आणि २०२४ मध्ये विक्री १२० कोटींच्या आसपास थबकली असता शिल्लक मागणी ८६ कोटी ७१ लाखांवर चढून मुदत पुन्हा साडेआठ महिन्यांच्या पुढे गेली.

हे भागाकार ढोबळ आहेत. शिल्लक मागणीतली काही यंत्रे गिऱ्हाइकाला वर्षभराने हवी असतात, तेव्हा सर्वच विलंब कारखान्याचा नव्हे. त्याहून महत्त्वाचा आक्षेप मापाविषयीचा आहे. २०२१ ते २०२२ या एका वर्षात विक्री सुमारे ६६ टक्क्यांनी वाढली, याचा अर्थ कारखान्याची उत्पादनक्षमता ६६ टक्क्यांनी वाढली असा मुळीच होत नाही. त्या वाढीत नव्याने विकत घेतलेल्या व्यवसायाची विक्री आहे, आणि पोलाद, तांबे व सुटे भाग महागल्यामुळे वाढविलेल्या किमती आहेत. एकही खिळा अधिक न ठोकता पैशात मोजलेली क्षमता वाढू शकते. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ‘क्षमतेत वाढ’ या मथळ्याखाली जे येते त्यातले बरेचसे या जातीचे असते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याने अशा आकड्यांपुढे प्रथम हाच प्रश्न विचारला पाहिजे की, हे नगांत आहे, टनांत आहे, की पैशात?

उपर्युक्त नवा व्यवसाय म्हणजे ऑरेगॉन राज्यातील रेडमंड येथील ‘बेसएक्स’ ही कंपनी. एऑनने ती डिसेंबर २०२१ मध्ये घेतली. संगणकांच्या प्रचंड साठागृहांना, ज्यांना डेटा सेंटर म्हणतात, लागणारी शीतन-यंत्रणा हे तिचे क्षेत्र. या खरेदीनंतर वाढीच्या धोरणाचा तोंडवळा बदलला. शाळेच्या छतावरचे यंत्र एकट्यादुकट्याने मागविले जाते. डेटा सेंटरचे गिऱ्हाईक एकाच रूपाची अनेक यंत्रे एकदम मागते, आणि त्याच्या एका मागणीने कारखान्याचे महिने भरून जातात. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकांना हवेचा गारवा पुरेसा होत नाही. थेट यंत्रापर्यंत द्रव नेऊन उष्णता काढावी लागते. जुन्या व्याकरणात अशा रूपाला जागा नव्हती. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, हजार वेगवेगळी वाक्ये सुरेख बोलणाऱ्याला आता एकच नवे वाक्य हजारदा म्हणावयाचे होते, आणि ही कला निराळी आहे.

त्यातच शब्दसंग्रह बदलण्याची पाळी आली. अमेरिकेत २०२० मध्ये झालेल्या कायद्यानुसार वातावरण अधिक तापविणारे शीतक टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे आहेत, आणि २०२५ च्या आरंभापासून या वर्गातील नव्या यंत्रांना जुने आर-४१०ए हे शीतक सोडावे लागले. त्याची तापनशक्ती कर्बद्विप्राणिलाच्या दोन हजारपटीहून अधिक मानली जाते. एऑनने त्याच्या जागी घेतलेल्या आर-४५४बी ची ४६६ पट. नवे शीतक किंचित ज्वलनशील असल्याने गळती ओळखणारी साधने, नव्या सूचना आणि नव्या चाचण्या आल्या. जेथे यंत्राच्या पाच-दहा जाती आहेत तेथे हा बदल म्हणजे पाच-दहा आराखडे बदलणे. जेथे कोट्यवधी संभाव्य रूपे आहेत तेथे आराखडे बदलून भागत नाही. नियम बदलावे लागतात, आणि एका नियमाच्या बदलाचे परिणाम कोठवर जातील हे आधी सांगणे कठीण असते.

हे सर्व चालू असता कंपनीने २०२४ च्या अखेरीस टेनेसी राज्यात मेंफिस येथे सुमारे ७ लाख ८७ हजार चौरस फुटांची तयार इमारत विकत घेतली. स्थापित क्षमतेच्या भाषेत हे मोठेच पाऊल होते, आणि डेटा सेंटरांच्या मागणीकडे पाहता ते अविचाराचे म्हणता येणार नाही. परंतु क्षमतेचा तिसरा अर्थ जिने स्पष्ट केला ती घटना इमारतीशी संबंधित नव्हती. २०२५ च्या वसंतात लाँगव्ह्यूच्या कारखान्यात मागणी, साठा व उत्पादन यांचे नियोजन करणारी नवी संगणकप्रणाली लागू करण्यात आली. यंत्रे तीच, कामगार तेच, छप्पर तेच. तरी उत्पादन मंदावले. लाँगव्ह्यूहून टल्सा येथे कॉइल जात असल्यामुळे तेथील उत्पादनालाही झळ लागली. वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत कंपनीच्या ढोबळ नफ्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या ३६.१ टक्क्यांवरून २६.६ टक्क्यांवर आले, आणि त्याच सुमारास शिल्लक मागणीने शंभर कोटी डॉलरची मर्यादा ओलांडली होती. मागणी विक्रमी आणि पुरवठा अडलेला, असा हा प्रसंग.

याचे स्पष्टीकरण ‘संगणकाचा घोटाळा’ एवढ्यावर सोडून देण्याची प्रवृत्ती असते. ते पुरेसे नाही. साखर कारखान्याची हिशेबप्रणाली बदलली तर हिशेब काही काळ अडतील. चरक थांबणार नाही. येथे उत्पादन अडले, कारण या कारखान्यात मागणीचा संकेत हाच कच्चा माल आहे. गिऱ्हाइकाच्या संकेतातून सुट्या भागांची यादी निघते, यादीतून पत्रा कापण्याच्या आज्ञा निघतात, आणि त्यांतून कॉइलचे माप लाँगव्ह्यूला कळते. हे रूपांतर करणारी यंत्रणा बदलणे म्हणजे व्याकरण तेच ठेवून लिपी बदलण्यासारखे आहे. लिपी बदलल्यावर लेखनाचा वेग काय होतो हे, मोडीचा सराव असलेल्या कारकुनांना बाळबोध लिपीत दप्तर लिहावयास लावले तेव्हा महाराष्ट्राने पाहिले आहे. अक्षर परके नव्हते, पण हात अडखळत होता. भरीस भर म्हणजे, वर्षानुवर्षे काम केलेल्या जोडारीला आणि नियोजकाला जे नियम कोठेच लिहिलेले नसतात तेही ठाऊक असतात: अमुक पर्याय आला की अमुक भाग आधी मागवून ठेवावा, अमुक दोन मागण्या लागोपाठ घेऊ नयेत. कागदावरील व्याकरणापेक्षा बोलणाऱ्याच्या मनातील व्याकरण नेहमीच मोठे असते. नवी प्रणाली कागदावरचे घेऊन येते. उरलेले पुन्हा शिकावे लागते.

तेव्हा तिसऱ्या अर्थी क्षमता म्हणजे विविध मागण्यांचे सुघटित वस्तूंत रूपांतर करण्याचे सामर्थ्य. ते ना टनांत मोजता येते, ना चौरस फुटांत. ते विकत घेता येत नाही, फार तर ते असलेली माणसे व कंपनी विकत घेता येते. बेसएक्सच्या बाबतीत तसेच झाले, आणि तिच्या संस्थापकांपैकी एक, मॅट टोबोल्स्की, मे २०२५ मध्ये एऑनचेच मुख्याधिकारी झाले. मेंफिसच्या इमारतीत यंत्रसामग्री बसविणे हे महिन्यांचे काम आहे. तेथील नव्या कामगारांत हे तिसरे सामर्थ्य रुजण्यास किती काळ लागतो, यावर तेथून किती माल निघेल ते ठरणार.

मराठीत या तीन अर्थांसाठी तीन शब्द योजणे अवघड नाही. यंत्राच्या बाबतीत ‘शीतनशक्ती’ किंवा ‘तापनशक्ती’ म्हणावे. घरगुती व्यवहारातला ‘टन’ आहे तसाच राहू द्यावा, त्याला कोणी हलवू शकणार नाही. परवान्यात, ताळेबंदात किंवा चौरस फुटांत सांगितल्या जाणाऱ्या क्षमतेला ‘स्थापित क्षमता’ ही रुळलेली संज्ञा पुरेशी आहे. फक्त तिचा उपयोग प्रत्यक्ष उत्पादनासाठी होऊ नये. तिसऱ्या अर्थासाठी ‘घटनक्षमता’ हा शब्द सुचविता येईल. ‘सुघटित’ या व्याकरणातील विशेषणाशी त्याचे नाते आहे, आणि ‘घडविणे’ या रोजच्या क्रियापदाशीही. सुताराला, लोहाराला आणि कॉइल ओवणाऱ्या कामगाराला तो सारखाच लागू पडतो.